आठवं घर

प्रिय सोजरमावशी,

उद्या अकरावा दिवस आहे, म्हणून आजच लिहायला बसलो. दुपारी बारा ते चार आपलं वाचनालय बंद असतं. जिन्याला कुलूप लावून मी आत बसलो आहे. समोर तुमचं सभासद कार्ड आहे. त्यावरचं तुमचं नाव मी लाल शाईनं खोडलं. खोडताना पट्टी धरली होती, तरी रेघ वाकडी आली.

गेमच्या यंत्रातल्या तुमच्या गावात तुमचं नाव मी माझ्या हातानं घातलं आणि तिथून अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. आता तुमच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं नाव घालून आज दहा दिवस झाले. हे मी कुणाला सांगू? चिटणीस साहेबांना सांगितलं तर ते मला रजेवर पाठवतील. आईला सांगितलं तर ती अंगारा लावेल. तुम्ही तरी हसू नका.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो? दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या पुण्याच्या नातीनं तुमच्या कार्डावर गेम नेला होता. ती परत गेली आणि यंत्र द्यायला तुम्ही आलात. आमच्याकडे गेम देणं नुकतंच सुरू झालं होतं. एका सभासदाच्या परदेशातल्या मुलानं हातात धरायची तीन यंत्रं आणि अकरा गेम दिले होते. जुने वाचक कुरकुरत होते. "वाचनालय हाय का जत्रा?" असं एकानं तक्रारवहीतसुद्धा लिहिलं. 'जत्रा'तला 'त्र' चुकवून. मी तो दुरुस्त केला.

नियम मी केले होते. मुदत सात दिवस. उशीर झाल्यास लेखी स्मरणपत्र. आणि यंत्र परत आलं की आधीच्या माणसाचं सगळं पुसून, कोरं करून मगच पुढच्या सभासदाला द्यायचं. त्यासाठी वहीत 'कोरे केले' असा एक रकाना आखला होता आणि प्रत्येक वेळी मी त्यात सही करायचो. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला सही करायला मिळते, हे मला फार मोठं वाटायचं.

तुम्ही यंत्र टेबलावर ठेवलंत, पण हात काढला नाहीत.

"ह्यात एक गाव हाय न्हवं, ते मला दे."

"मावशी, हे मुलांसाठी असतं."

"का? मला बोटं न्हाईत व्हय?"

बोटं होती! तीस वर्षं टॉवेलच्या दशा वळून तयार झालेली बोटं. आठ दिवसांत तुम्ही बटणं अशी दाबायला लागलात की रांगेतली पोरं पुस्तकं विसरून बघत उभी राहायची.

त्या गेममध्ये नदीकाठी मोकळी जमीन मिळते. आठ जागा असतात. घरं बांधायची, प्रत्येक घरात एका माणसाचं नाव घालायचं, शेत पेरायचं आणि नदीला बांध घालायचा. यंत्र बंद असलं तरी आतलं घड्याळ चालूच असतं. आपण आठ दिवस उघडलं नाही तर तिथंही आठ दिवस गेलेले असतात. बांध वाढवला नाही तर पाणी आत शिरतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून बसलात.

"म्हंजी आमचंच गाव की!"

तेव्हा मला कळलं की तुमचं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा तुम्ही परकर नेसत होता. वडिलांनी घराचं दार काढून बैलगाडीत घातलं होतं आणि ते दार पुढं कुठल्याच घराला बसलं नाही, असं तुम्ही सांगितलंत. दाराचं सांगताना तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. वाईट मलाच वाटलं.

मग एकेक नाव सुरू झालं. वडील. आई. पारूआत्या. दगडूतात्या. यंत्रात फक्त इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी किती! आमच्या घरी तेलुगू, शाळा अर्धवट, मराठी मी इथली पुस्तकं उतरवून काढून शिकलो. म्हणून मी प्रत्येक नाव आधी कागदावर लिहायचो, खोडायचो, परत लिहायचो.

"मावशी, पारूला यू लावू की दोनदा ओ?"

"काय बी लाव. तिला काय वाचाय येतंय व्हय? हाक मारली की यायची ती."

संक्रांतीपर्यंत सहा घरं झाली. एकदा मी सहज म्हणालो, एका घरात तुमच्या मुलाचं नाव घालू का? तुम्ही माझं मनगट धरलंत. "जितं माणूस हितं घ्यायचं न्हाय, मास्तर. हितं फकस्त गेल्याली." मी हो म्हणालो आणि तो नियमही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. त्या दिवसापासून तो गेम हातात घ्यायला मला थोडी भीती वाटायला लागली, हे तुम्हाला कधी बोललो नाही.

दर सात दिवसांनी तुम्ही मुदत वाढवायला यायचात. एप्रिलमध्ये दोन आठवडे आला नाहीत. तुम्हाला ताप होता, हे मला कुणी सांगायचं? फोन लागेना. नियमात लेखी स्मरणपत्र, म्हणून मी पोस्टकार्ड आणलं. आयुष्यातलं पहिलं. घरी कधी कार्ड आलेलं मला आठवत नाही. शाईच्या पेनानं सावकाश लिहिलं, एकही चूक नाही, आणि शेवटी वरच्या कोपऱ्यावर शाईचा टिपका पडला. मला तो बघवेना. मी कात्रीनं कोपरा नीट तिरका कापला. टिपका गेला. कार्ड स्वच्छ दिसायला लागलं. मला किती बरं वाटलं, मावशी!

तिसऱ्या दिवशी भर बाराच्या उन्हात तुम्ही जिना चढून आलात. मी कुलूप लावतच होतो. तुमचा पदर घामानं भिजला होता आणि हातात ते कार्ड होतं. तुम्ही दाराला टेकलात.

"कोण गेलं रं?"

मला काही कळेना. मी विचारलं, "कुठं गेलं?"

"कोण गेलं ते सांग की लेकरा! पोराचा फोन लागंना. येताना रस्त्यानं एकेकाला मारून बघितलं मनात. पोराला मारलं, सुनंला मारलं, आक्काला मारलं. कोण हाय ह्यात, वाच."

मी वाचून दाखवलं. 'आपणांकडील यंत्राची मुदत संपली असून ते सत्वर परत करावे, ही विनंती.' तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत. मग इतक्या मोठ्यानं हसलात की खालचा पानवाला वर बघायला लागला.

हसणं थांबल्यावर तुम्ही मला सांगितलंत. फोन नव्हते तेव्हा मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवायचे. पोस्टमनच्या हातात ते लांबून दिसायचं. वाचून कोण दाखवतंय त्याच्या आधीच बाया रडायला लागायच्या. मी मात्र तो कोपरा कात्रीनं, नीट, तिरका कापला होता! घरी आईला विचारलं तर "अय्यय्यो" म्हणून तिनं तोंडावर हात धरला. सगळ्यांना माहीत होतं. मलाच कसं माहीत नव्हतं? इतकं वाचलं, त्यात हे कुठंच कसं नव्हतं?

त्या दुपारी तुम्ही माठातलं पाणी प्यायलात. निघाल असं वाटलं. तर पिशवीतून यंत्र काढलंत.

"आलं ते आलं. घरात शिरलंय कार्ड. आता कुणाचं तरी नाव घ्यायला लागंल. सातव्या घरात माझं घाल."

मी नाही म्हणालो. तुमचाच नियम तुम्हाला वाचून दाखवला, मागच्या पानावरचा.

"नियम माझा हाय. मोडायचा का ठिवायचा, मी बघीन. पोराचं घालू व्हय? घाल गुमान."

मी का ऐकलं? तुम्ही दरडावलंत म्हणून? की चूक माझी होती आणि मला ती लवकर मिटवायची होती? पाच अक्षरं होती. त्यात एकही चूक नव्हती. घराचं दार उघडलं आणि जांभळ्या कपड्यांतली एक ठेंगणी बाई बाहेर येऊन बांधाकडे चालायला लागली. तुम्हाला केवढा आनंद झाला! "बघ, बघ, कशी फेंगडी चालती माझ्यागत!"

"आणि आठवं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे मोकळं. येतंय कोण तर."

असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मावशी, तेव्हा माझ्याकडे का बघितलंत? तेवढं एक सांगा.

अकराव्या दिवशी तुमची शेजारीण पुस्तक बदलायला आली आणि म्हणाली, सोजरबाई दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. तुमचा मुलगा सगळ्यांना सांगत होता, ऊन बाधलं. ऊन! त्या उन्हात तुम्हाला कुणी चालवलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. मी तुमच्या बोळाच्या तोंडापर्यंत आलो होतो. लोक दिसले, तिरडी दिसली, आणि मी परत फिरलो. तुम्हाला शेवटचं बघायला मी आलो नाही. या गोष्टीला कारण नाही. भ्यालो, एवढंच.

तेराव्यानंतर तुमच्या द्रुपदाआक्का आल्या. तुमच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात यंत्र गुंडाळून त्यांनी टेबलावर ठेवलं. तुमच्याहून उंच, पण बोलताना मान तशीच कलती. त्यांच्यासमोरच मी यंत्र उघडलं. तुमच्या गावात पावसाळा लागला होता. बांध कुणी वाढवला नव्हता. दगडूतात्यांचं घर गुडघाभर पाण्यात होतं. सगळी माणसं बांधावर येऊन उभी होती. जांभळ्या कपड्यांतली बाई सर्वांत पुढं, आमच्याकडे तोंड करून.

आक्का पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "औंदा उजनीचं पाणी लई खाली गेलंय. आमच्या वेशीचा दगड दिसाय लागलाय. तितलं पाणी हितं आलं का काय?"

मी कामाच्या वेळेत, टेबलाशी बसून, वीस मिनिटं बांध वाढवत राहिलो. असं मी नोकरीत कधीच केलं नव्हतं.

चिटणीस साहेब आलेच. "व्यंकटेश, ते यंत्र कोरं करून शनिवारपर्यंत फळीवर ठेव. सात पोरं नंबर लावून बसल्यात."

"साहेब, नियम क्रमांक नऊ. सभासद मयत झाल्यास कार्ड जवळच्या नातेवाइकाच्या नावे करता येतं. म्हणजे कार्ड तेच राहतं. म्हणजे कोरं करायचं कारण नाही."

"हा नियम कुणी घातला?"

"मीच. तुमची सही आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शिकला असतास तर वकील झाला असतास बघ," म्हणाले आणि गेले. मला वाटलं, सुटलो. तुमचं गाव वाचलं. आक्का महिनाभर तुमच्या खोलीत राहतील, बांध बघतील, मग यंत्र घेऊन गावी जातील, इकडे बसनं कुणी आलं की मुदत वाढवून नेतील. मी मनात सगळं आखून टाकलं होतं.

मग कार्डावर अंगठा उठवताना आक्का म्हणाल्या, "आठव्या घरात माझं नाव घाल. मगच नेती मी."

मी त्यांना हळूच विचारलं, गावी परत कधी जायचंय? शेरडं कोण बघतंय?

"दिली शेजारणीला. परत जायचंय कशाला? धाकटी फुडं गेली, थोरलीनं मागं ऱ्हायाचं? ही कुठली रीत!"

हे त्या रडून बोलल्या असत्या तर मी समजूत घातली असती. त्या हिशेबानं बोलत होत्या, बाजाराला निघालेलं माणूस बोलतं तसं. मी कारणं सांगितली. बॅटरी उतरली आहे. उद्या करू. इंग्रजी अक्षरं पक्की नाहीत. त्या टेबलासमोरून हलेनात. दिवसभर बसल्या, दुपारी कुलूप लावलं तरी आतच, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. संध्याकाळी चारचे सहा वाजले आणि मी यंत्र हातात घेतलं.

मावशी, आता जे सांगतो ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

द्रुपदाचं पहिलं अक्षर डी. मी बी दाबलं. डी माहीत असताना बी. दहा वर्षांत मी जाणूनबुजून एकही अक्षर चुकवलेलं नाही, पण ते चुकवलं. पुढची सगळी अक्षरं बरोबर घातली. तुमच्या गावात आठव्या घरात आता ब्रुपदा नावाची बाई राहते. अशी बाई जगात कुठं नाही. मेलेल्यांत नाही, जितल्यांतही नाही. आक्कांना वाचता येत नाही. पिवळ्या कपड्यांतली बाई दारातून बाहेर आली आणि तुमच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी पडद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "झालं."

त्या दिवसापासून त्या शांत आहेत, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

रोज सकाळी चार्जर बघायचं निमित्त करून मी खोलीवर जातो. पाचव्या दिवशी भाकरी झाकून ठेवलेली होती, तशीच. "भूक न्हाय रं." सातव्या दिवशी त्यांनी तुमचा पितळी तांब्या माझ्या हातात दिला, तुझ्या आईला दे म्हणाल्या. मी घेतला नाही. त्यांनी तो उंबऱ्याबाहेर ठेवला. आज सकाळी गेलो तर अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर यंत्र.

"किती दिस झालं रं नाव घालून?"

मी अकरा दिवसांचं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. शेजारणीनं सांगितलं. तुम्हीच तिला सांगून गेला होता म्हणे, की मास्तरानं नाव घातलं बरं का माझं! मावशी, एवढी हौस कशाला केलीत? ही काय मिरवायची गोष्ट होती?

"नऊ झाले," मी म्हणालो. एक दिवस मी चोरला.

"धा," त्या म्हणाल्या. "मोजाय येतंय मला. वाचाय येत न्हाय."

म्हणून हे लिहितो आहे. मोजणारं माणूस मोजता मोजता जातं, हे मला डॉक्टरांनी सांगायला नको. तुमच्या मुलाला फोन केला, तो उद्या रात्रीच्या गाडीनं निघतो म्हणाला. रात्री! तोवर दिवस संपलेला असेल. आईला उद्या सकाळीच त्यांच्याजवळ पाठवणार आहे, पिठलं घेऊन. ती तेलुगूत बडबडेल, आक्का मराठीत रागावतील, तेवढाच वेळ जाईल. मीही कामावर जाणार नाही. अर्ज लिहून ठेवला आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या धुतलेल्या लुगड्यातली कुणी बाई वेशीतून आत यायला लागली, तर ती बहिणीसारखी दिसते म्हणून फसू नका. नाव विचारा. द्रुपदा म्हणाली तर म्हणावं, त्या नावाचं घर आमच्यात नाही, आठवं ब्रुपदाचं आहे, मास्तरानं चूक केलीय, माघारी फीर. तुम्ही दरडावलंत की माणूस ऐकतं. मला माहीत आहे.

आणि मी तुम्हाला शब्द देतो. परवा सकाळी, बारावा दिवस उजाडला की, मी आक्कांच्या समोर बसून खरं सांगणार आहे, की आक्का, मी तुम्हाला फसवलं, मुद्दाम फसवलं, आणि अजून पुष्कळ वर्षं फसवणार आहे. त्या मला शिव्या देतील. तुमच्या गावाकडच्या, सणसणीत. त्या सगळ्या मी मान खाली घालून ऐकेन. त्या देण्याइतका आवाज त्यांच्यात परवा असला पाहिजे, एवढं तुम्ही बघा.

तुमचा मास्तर,
व्यंकटेश